डेस्कटॉपवरचे शॉर्टकट सिंक करावेत का?

कळफलक
माझं स्पष्ट मत : एकापेक्षा जास्त कॉम्प्युटर वापरणाऱ्याने डेस्कटॉप सिंकला, म्हणजे सगळ्या मशीनवर आपोआप सारखा ठेवायला, लावूच नये. वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) बॅकअपमध्ये डेस्कटॉप निवडला की फायलींबरोबर शॉर्टकटही इकडून तिकडे जातात. पण शॉर्टकट म्हणजे प्रोग्राम नव्हे. ती एक छोटी 'एलएनके' फाइल, आत फक्त पत्ता. ऑफिसात हिशेबाचा टॅली प्रोग्राम सी ड्राइव्हवर आणि घरी डी ड्राइव्हवर असेल, तर ऑफिसचा शॉर्टकट घरी कोऱ्या पांढऱ्या आयकॉनच्या रूपात येऊन बसतो. क्लिक केलं की विंडोज थोडी शोधाशोध करतं आणि विचारतं, हा शॉर्टकट डिलीट करायचा का? वैतागून 'हो' म्हणा, ऑफिसातला चांगला चालणारा शॉर्टकटही उडाला! शिवाय ब्राउझरच्या नावापुढे 'कॉपी' लागलेली जुळी भावंडं असतातच.

खतावणी
असहमत. शॉर्टकट परत करायला अर्धं मिनिट लागतं. डेस्कटॉपवर पडलेला क्लायंटचा ताळेबंद गेला तर काय करणार? सप्टेंबरात ऑडिटची घाई असते तेव्हा आर्टिकलची मुलं (सीएकडचे शिकाऊ) सगळं डेस्कटॉपवरच टाकतात, कितीही ओरडा. हार्ड डिस्क बसली की हेच सिंक वाचवतं. पर्सनल खात्यात डिलीट केलेलं 30 दिवस ऑनलाइन रिसायकल बिनमध्ये राहतं, तिथून परत आणा.

कळफलक
मुलांना शिस्त नाही म्हणून आम्ही पांढरे आयकॉन मोजत बसायचे? डॉक्युमेंट्स फोल्डर कशासाठी दिलाय?

रात्रपाळी
सपोर्टमध्ये काम करतो म्हणून सांगतो. डेस्कटॉपवर दिसतं ते सगळं एका फोल्डरमधलं नसतं. एक फोल्डर तुमच्या युजरचा, दुसरा सी ड्राइव्हवर युजर्स, पब्लिक, डेस्कटॉप असा. विंडोज दोन्ही एकत्र दाखवतं, पण सिंक होतो फक्त पहिला. प्रोग्रामचे शॉर्टकट दुसऱ्यात हलवा, त्या त्या मशीनचे तिथेच राहतील. तो फोल्डर लपवलेला असतो, म्हणून आधी 'हिडन आयटम्स' चालू करा.

ऑफिसात आयटीला सांगून ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनना एकदम लागू होणारी सेटिंग) एलएनके फायली अपलोडमधून वगळताही येतात. मात्र आधी वर गेलेल्या आपोआप पुसल्या जात नाहीत, त्या हातानेच काढाव्या लागतात. लोक हे विसरतात आणि परत तक्रारीचं तिकीट टाकतात.

खतावणी
पब्लिकमध्ये टाकायला अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो ना? आमच्याकडे तो मागायचा म्हणजे अर्ज, सही आणि 'उद्या या'.

रात्रपाळी
मग टास्कबारला पिन करा. ते पिन डेस्कटॉप फोल्डरमध्ये नसतातच, त्यामुळे या भानगडीतून सुटतात. पासवर्डही लागत नाही.

कळफलक
पब्लिकचं माहीत नव्हतं, करून बघतो. वेबसाइटच्या शॉर्टकटबद्दल मात्र माझी तक्रार नाही. जीएसटी पोर्टलचा दोन्हीकडे सारखाच उघडतो, त्यात वेब पत्ताच असतो. पण मत तेच. नव्या माणसाला बॅकअप चालू करताना कुणी सांगतं का, की एका मशीनवरची साफसफाई दुसऱ्यावरही होणार?

खतावणी
ते बाकी खरं. तरी मी सिंक बंद करणार नाही. तुम्ही एकदा आमच्या ऑफिसात सप्टेंबर काढा, मग बोलू.