चौकातला पुतळा ‘एका रात्रीत’ हलवा म्हणणाऱ्यांना

ओतारी: काल इथे कुणीतरी लिहिलं, “पुलाच्या कामाआड येणारा पुतळा रात्री क्रेननं उचला, पहाटे चौक मोकळा.” वाचून डोकं फिरलं. ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आतून पोकळ असतो. सगळा भार घोड्याच्या दोन-तीन पायांवर, आणि आतल्या लोखंडाला कधीचाच गंज चढलेला. आधी आतून तपासा, वजन काढा, तोल कुठे आहे ते बघा, मग पोटाखालून रुंद पट्टे घाला. मानेला दोर लावलात की तडा गेलाच. क्रेनच्या पायाखाली जुनं गटार निघालं तर क्रेनच कलंडेल. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ साली इंग्लंडला न्यायला उचलला, क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले. ते जोडायला १९१४ उजाडलं!

सिग्नलवरचा: ते मीच लिहिलंय. दीडशे वर्षांपूर्वीचा हत्ती काय सांगता? आता हव्या तेवढ्या ताकदीची क्रेन भाड्यानं मिळते. वडिलांच्या छातीत दुखत होतं तेव्हा आम्ही असल्याच चौकात अडकलो होतो. तुमच्या तपासण्या होईपर्यंत माणसं मरू द्यायची का?

गिरगावकर: विषय निघालाच आहे तर मुंबईचा काळा घोडा परत आणा. शिल्पकार बोएमनं घडवलेला इंग्रज युवराज एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये चौकातून काढला, तो राणीबागेत पडून आहे. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, तोही स्वाराविना!

मावळा_पुणे: स्वार नाही तेच बरं. इंग्रज युवराजाला पुन्हा चौकात कशाला मिरवायचं?

गिरगावकर: मिरवायचं कोण म्हणतंय? पैसा अल्बर्ट ससूनचा होता, मुंबईच्या व्यापाऱ्याचा. शहराचा इतिहास तुम्ही पुण्यात बसून ठरवणार?

मावळा_पुणे: मुंबई तुमच्या एकट्याची नाही. त्या राजवटीत आमच्या पणजोबांनी तुरुंग भोगलाय.

ओतारी: अहो, घोड्यावर कोण बसलंय यानं धातूला फरक पडत नाही! आमच्या गावात ठेकेदारानं गॅस कटरनं घोड्याचे पाय घोट्यातून कापले, नव्या चौथऱ्यावर वेल्डिंग मारलं. पावसाळा संपेस्तोवर सांध्यांत पाणी शिरून ओघळ उतरले. ज्यांनी वर्गणी काढून तो उभारला, ती म्हातारी माणसं रडली हो.

सिग्नलवरचा: कटर नको, एवढं मान्य. पण तपासणी रस्ता चालू ठेवून करा, उचलायच्या रात्रीच बंद करा.

ओतारी: मग त्या एका रात्रीआधी आम्हाला दोन महिने द्या. ट्रेलरवर चढल्यावर पुतळ्याची उंची किती होते, वाटेतल्या वायरी नि कमानी किती उंच आहेत, हे आधी मोजावं लागतं.

सिग्नलवरचा: दोन नाही, एक महिना. आणि तारीख फलकावर लावा.