सातबाऱ्यावर देव आहे, म्हणजे देव आहे का?

शिवार:
आमच्या भैरोबाची चार एकर जमीन आहे, देवस्थान इनाम, म्हणजे देवाच्या सेवेसाठी दिलेली; सरकारी नोंदीत वर्ग ३. सातबाऱ्यावर मालक भैरोबा, गुरव फक्त वहिवाटदार. २०२१ साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं: नाव देवाचंच लागेल, पुजाऱ्याचं नाही. उतारा हातात घेतला आणि रोज म्हणतो ते ‘देव आहे’ तोंडात अडखळलं. डोंगर आहे, भूक आहे, कर्ज आहे. तिन्ही ‘आहे’ सारखे नाहीत. कर्ज कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्यापायी घर जातं. मला वाटतं, देव असा आहे: दिसत नाही, पण आपल्यावर त्याचं देणं आहे.

रोखठोक:
कायदा देवाला व्यक्ती मानतो म्हणून देव आहे असं होत नाही; कायद्यानं कंपनीसुद्धा व्यक्तीच आहे. १९२५ मध्ये कोलकात्याच्या मल्लिक घराण्याच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सर्वात वरच्या न्यायालयानं, घरच्या मूर्तीचीही इच्छा विचारात घ्यायला सांगितलं. ती इच्छा बोलणार कोण? माणूसच. वेद प्रमाण मानणारे जुने पंडित शबरस्वामीसुद्धा मीमांसेच्या, म्हणजे वेदांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राच्या, भाष्यात म्हणतात की ‘देवाचं शेत’ ही बोलायची रीत आहे. ज्याचा आपल्या मर्जीनं वापर करता येतो ते आपलं, आणि देवता शेत तसं वापरत नाही.
आई दवाखान्यात होती तेव्हा मला देणंबिणं नको होतं, ऐकणारा हवा होता. कुणी नव्हतं. ‘देव आहे’ म्हणजे ऐकणारा आहे. हे खरं तरी असेल नाहीतर खोटं. शब्दात पाणी घालू नका.

तुळसमाळ:
दादा, आईचं वाचून गलबललं. शब्दात पाणी घालू नये हे मलाही पटतं, म्हणून तर मी शिवारच्या विरुद्ध आहे. दहाव्या शतकात न्यायदर्शनाचे, म्हणजे तर्कशास्त्राचे, पंडित उदयनाचार्यांनी मांडलं की घडा आहे तर कुंभार आहे, तसं जग हे कार्य आहे, तर त्याला कर्ता आहे. त्यांचा ईश्वर कर्जासारखा नाही, खराखुरा आहे. माझाही. मी वारीत चालते ती कुणाला तरी भेटायला.

रोखठोक:
ताई, घडा घडताना आपण कुंभार पाहिलेला असतो. जग घडताना कुणी कुणाला पाहिलं?

शिवार:
तुकोबांच्या एका अभंगात आहे, वाणीनं ‘आहे’ म्हणावं आणि मनात ‘नाही’ असा अनुभवावा. कितीदा वाचलं तरी हे मला पुरतं उलगडत नाही, पण पाणी घातल्यासारखं मुळीच वाटत नाही.
एक घडलेलं सांगतो. दुष्काळाच्या साली भैरोबाची जमीन कसणाऱ्याचा खंड थकला. पंचांत एक म्हातारे उठले, म्हणाले, उपाशी माणसाकडून देव खंड घेत नाही. सगळे गप्प. खंड माफ झाला. जमीन गावच्या पाटलाची असती तर झाला नसता.

रोखठोक:
माफ त्या म्हाताऱ्यांनी केला. श्रेय त्यांना द्या.

तुळसमाळ:
ते घेतील का, विचारा एकदा.

शिवार:
मी विचारलं होतं. म्हणाले, “मी काय माफ करणार? जमीन माझी थोडीच आहे?”