वाद्य आणि विमान : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती
लवकरच तंबोरा घेऊन विमानाने जायचं आहे. कंपनीच्या साइटवर वाद्यांबद्दल दीड ओळ आहे, आणि फोन केला की दर वेळी नवा माणूस नवं उत्तर देतो. म्हणून ज्यांनी प्रत्यक्ष वाद्य नेलंय त्यांनाच विचारते. कुठलंही वाद्य चालेल. काय फुटलं, काय वाचलं, कुणाशी वाजलं, सगळं लिहा. 'मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप आहे की' हे मात्र नको, ते माझ्याकडेही आहे.

सतारवाला
केबिनचा विचार सोडा, तंबोरा सामानातच जाणार. मग सगळी मदार पेटीवर. फायबरची घ्याच, पण तेवढ्याने भागत नाही. माझ्या सतारीची तबली (भोपळ्यावरची पातळ लाकडी फळी) प्रवासात बरोबर घोडीखाली (तारा टेकतात तो उंचवटा) चिरली, आणि पेटीला बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. कारागिराने पेटी बघूनच कारण सांगितलं : झाकणाचा आतला फोम घोडीवर टेकत होता. वर कुणी जड बॅग टाकली की सगळा भार घोडीच्या पायांतून पातळ तबलीवर उतरतो. त्याने फोम कापून घोडीवरची जागा मोकळी केली आणि आधार भोपळ्याच्या कडेने, दांडीखाली आणि गळ्याच्या जोडाशी दिला. पेटी बंद करून हळूच हलवून बघा, आत काही सरकलं तर पुन्हा भरा. सतारीचा वरचा तुंबा स्क्रूचा असेल तर काढून कपड्यांत गुंडाळा. तारा उतरवा, पण घोडी जागची हलेल इतक्या नाही.

तबल्याचा माणूस
माझी अडचण फुटण्याची नाही, दिसण्याची आहे. डग्ग्याचं भांडं धातूचं. स्कॅनरच्या पडद्यावर ते आरपार दिसत नाही, नुसता काळा गोळा उमटतो. मग ठरलेला संवाद.
"हे उघडून दाखवा."
"हे उघडत नाही हो."
"मग आत काय आहे?"
"हवा."
हे उत्तर खरं असलं तरी देऊ नका. पुडी (वरचं चामडं) उतरवायची म्हणजे सगळी वादी (ते ताणून धरणारी चामड्याची पट्टी) सोडायची, हे रांगेत उभं राहून समजावणं अशक्य आहे. बाहेरून पुसून स्फोटकांची चाचणी करता येते, ती करा म्हणून नम्रपणे सांगा. बहुतेकदा तेवढ्यावर सुटका होते. हातोडी मात्र केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ती आधीच मोठ्या बॅगेत टाका.

आणि उतरल्या उतरल्या सूर लावायला बसू नका. कोरड्या हवेत चामडं ताणलं जातं, तबला चढलेला निघतो. लगेच ठोकून उतरवला तर खोलीतल्या हवेला सरावल्यावर परत ठोकाठोक. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोचणं हाच खरा उपाय, पण तिकिटं काढणारे आयोजक ऐकतील तर ना!

बासरीवाली
कोरड्या हवेचं अगदी खरं. विमान उडतं त्या उंचीवरच्या थंड हवेत बाष्प जवळपास नसतंच. तीच हवा आत घेतात, त्यामुळे लांबच्या उड्डाणात केबिनमधली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. लाकडाला ४० ते ६० टक्के मानवते. माझी खर्जाची बासरी उभी तडकली ती केबिनमध्ये, माझ्याच डोक्यावरच्या कप्प्यात. त्यामुळे 'हातातलं सामान म्हणजे सुरक्षित' यावर माझा विश्वास नाही. आता प्रत्येक बासरी हवाबंद पिशवीत आणि मग नळीत. दोरे बांधलेले असतात, पण ते चीर पसरू देत नाहीत एवढंच, कोरडेपणा थांबवत नाहीत.

सहा तारा
गिटारचा निकाल गेटवर लागतो. कप्प्यात जागा असेल तर कुणी काही बोलत नाही, नसेल तर 'खाली द्या'. अमेरिकेत २०१२ चा कायदा आणि त्यावरचा २०१५ चा नियम असं सांगतो, की लहान वाद्य कप्प्यात किंवा सीटखाली मावत असेल आणि तुम्ही चढताना जागा असेल, तर ते नेऊ द्यावंच लागतं. मेख 'चढताना' या शब्दात आहे. म्हणून मी लवकर चढता येईल असं तिकीट घेतो. ते पैसे मला तिकिटाचे वाटत नाहीत, गिटारचे वाटतात.

खाली द्यावीच लागली तर : तारा चांगल्या सैल करा आणि खुंट्या असलेल्या डोक्यामागे व दोन्ही बाजूंना कपडा कोंबा. पेटी आडवी पडली की डोकं मागे झटका खातं आणि मान तिथेच तुटते.

व्हायोलिन शिकवते
'तारा सैल करा' हे सगळ्यांसाठी नाही! व्हायोलिनच्या पोटात साउंडपोस्ट नावाची काडी नुसत्या दाबावर उभी असते, चिकटवलेली नसते. चारही तारा सोडल्या की ब्रिज (म्हणजे घोडी) पडतो, आतली काडी आडवी होते, आणि परगावी ती उभी करून देणारा माणूस शोधत फिरावं लागतं. फार तर थोड्या उतरवा.
बाकी मोजमापाने व्हायोलिनची पेटी केबिनच्या नियमात बसतच नाही. साधारण ८० सेंटीमीटर लांब असते आणि बऱ्याच कंपन्यांची मर्यादा ५५ ची. तरी अरुंद असल्याने कप्प्यात सहज मावते, आणि कर्मचारीही जाणतात. कंपनीच्या वाद्यविषयक नियमाची छापील प्रत पेटीच्या खिशात ठेवते. वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं बरं.

चेलोकाका
आमच्याकडे प्रश्न सरळ आहे, चेलोचं वेगळं तिकीट. ते ऑनलाइन काढू नका, फोनवर काढा आणि 'सीबीबीजी' म्हणून नोंद करायला सांगा, म्हणजे सीटवर ठेवायचं केबिन सामान. नाहीतर यंत्रणेला वाटतं की दुसरा प्रवासी आलाच नाही. जागा बहुधा खिडकीची, आपत्कालीन दाराची रांग सोडून. पट्टा वेढायला जोडपट्टा आधीच मागून ठेवा. जेवण मात्र एकच मिळतं.

लिन हॅरेल हे नामवंत चेलोवादक चेलोच्या तिकिटांवरचे मैलही (नेहमीच्या प्रवाशांना विमान कंपनी देते ते बक्षीस-गुण) जमा करायचे. २०१२ मध्ये कंपनीने चेलोचं खातं बंद केलं, आणि त्यांचं स्वतःचंही! पूर्ण भाडं घेता तर मैल द्यायला काय हरकत आहे, हे मला अजून पटलेलं नाही.

जुनी वाद्यं
परदेशी जाणार असाल तर लाकूड आणि सजावट तपासा. शिसवीच्या सगळ्या जाती (डालबर्जिया) २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियंत्रणाखाली आल्या आणि वादकांची तारांबळ उडाली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, ब्राझिलियन रोझवूड वगळून. हस्तिदंताला अशी सूट नाही. जुन्या वाद्यांच्या घोड्या, खुंट्या, पट्ट्या हस्तिदंती असतात. माझ्या वडिलांच्या बीनेची (रुद्रवीणेची) घोडी तशी आहे, म्हणून ती घरीच राहते. न्यायचीच असेल तर वाद्यासाठी साइट्सचं प्रमाणपत्र मिळतं, पण त्याला वेळ लागतो.

तबल्याचा माणूस
इलेक्ट्रॉनिक तंबोरा नेणाऱ्यांसाठी : सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाकायच्या नाहीत, हातातल्याच सामानात.

पेटीवाली
माझ्या हार्मोनियमचा भाता फाटून आला. सामानाच्या सरकत्या पट्ट्यावरून उचलताच आवाज वेगळा लागला, म्हणून तिथेच उघडून फोटो काढले आणि विमानतळ सोडायच्या आधी काउंटरवर नोंद करून घेतली. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार सामान हातात आल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार लागते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे (नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). वाद्याची किंमत जास्त असेल तर सामान देतानाच ती जाहीर करून जादा शुल्क भरता येतं, पण काउंटरवरच्या मुलीला तो फॉर्म शोधायला बराच वेळ लागला. 'नाजूक' स्टिकर लावताना काही वेळा नुकसानीची जबाबदारी कंपनीची नाही अशा मजकुरावर सही घेतात. सही करण्याआधी वाचा. मी खोडून सही केली, कुणी हरकत घेतली नाही. भात्याच्या दुरुस्तीचे पैसे मिळाले, सूर पुन्हा जुळवून घेतले त्याचे नाही.

धागाकर्ती
सतारवाले, घोडीवर मोकळी जागा नक्की किती ठेवता? आणि भोपळ्याखाली फोम की गादीचा कापूस?