मदत हवी आहे : मुंबई इलाखा, १९२१, स्त्रियांचा मताधिकार

ठाण्याच्या नौपाड्यातल्या छोट्या प्रदर्शनासाठी आठ फलक करतोय, ए-२ आकाराचे. मजकूर जवळजवळ तयार आहे. अडलंय ते दोन ठिकाणी.

पहिली अडचण कागदांची. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंचं शिष्टमंडळ स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी घेऊन मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. मताधिकार ठरवणाऱ्या साउथबरो समितीने मागणी नाकारली. मग १९१९ मध्ये हेराबाई आणि मिठन टाटा या मायलेकी लंडनला संसदीय समितीपुढे साक्ष द्यायला गेल्या, सोबत सर शंकरन नायर. नायर हे जुलै १९१९ मधल्या राजीनाम्यापर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, त्यामुळे 'सरकारातले पाठीराखे' या फलकावर तेच मुख्य. इथपर्यंत ठीक. पण १९१९ च्या कायद्याने निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर (प्रांतांच्या कायदेमंडळांवर) सोडला, आणि मुंबईचा ठराव १९२१ चा. त्या चर्चेच्या छापील खंडात बाजूने-विरुद्ध मतांची नावानिशी यादी हवी. ठाणे-नवी मुंबईत कुठल्या ग्रंथालयात तो खंड बघायला मिळेल? आतली पानं फोटो काढण्याइतकी शाबूत आहेत का, हेही सांगा.

एक विनंती : 'सगळ्या स्त्रियांना मत मिळालं' असं लिहिलेले लेख कृपया पाठवू नका. फक्त लिंगाची अट गेली, मालमत्तेची राहिली.

दुसरं, फोटो. ए-२ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सुमारे ४९६० बाय ७०१६ पिक्सेल लागतात. नेटवरचा ९०० पिक्सेल रुंदीचा फोटो तीन इंचांवर गेला की फुटतो. जुनं छापील चित्र ६०० डीपीआयने स्कॅन करून देणारं, छपाईच्या जाळीचे ठिपके काढता येणारं कुणी ठाण्यात आहे का?