करारात ‘कंत्राटदार’ लिहिलंय, तरी नोटीस आली. घाबरायचं का?

रंधा
लाकडी फर्निचरचा छोटा कारखाना आहे माझा, मी धरून सहा जण. ड्रॉइंग काढायला तीन वर्षांपूर्वी एक मुलगा घेतला. नोकरी त्यालाच नको होती. ‘महिन्याला बिल देतो, तुम्ही पैसे टाका,’ म्हणाला. मलाही बरंच वाटलं, हिशेबाची कटकट नाही. एका पानाचा करार केला. त्यात ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असं ठळक अक्षरात, खाली दोघांच्या सह्या.

गेल्या महिन्यात काम थंडावलं, तेव्हा सांगितलं की सोमवारपासून येऊ नको. आठ दिवसांत वकिलाची नोटीस! तीन वर्षांची भरपगारी रजा, नोटीस-पगार, आणि वर ‘सगळी ड्रॉइंग माझ्या मालकीची, परवानगीशिवाय वापरायची नाहीत’. दीडशेवर ड्रॉइंग आहेत हो, चालू ऑर्डरी सगळ्या त्यांच्यावरच आहेत. करार माझ्या बाजूचा असताना घाबरायचं कारण आहे का? गुरुवारी वकिलाकडे जातोय.

पाचर
सही आहे ना त्याची? मग निवांत झोपा. सही करताना डोळे मिटले होते का त्याचे?

जुना_हातोडा
निवांत अजिबात झोपू नका. मीही असाच झोपलो होतो. माझ्याकडे पॅकिंगला नगावर पैसे घेणाऱ्या दोघी होत्या, ‘नगावर म्हणजे नोकर नव्हे’ ही माझी ठाम समजूत. शेवटी वकिलानेच तडजोड करायला लावली.

कागदावर काय नाव दिलंय याला न्यायालय फार किंमत देत नाही, रोजचं वागणं कसं होतं ते बघतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1973चा सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा निकाल वकिलाला विचारा. तिथले शिंपी नगावर पैसे घ्यायचे. पण मशीन दुकानाचं, आणि शिवण पसंत नसेल तर मालक ते उसवून पुन्हा शिवायला सांगू शकायचा. न्यायालयाने त्यांना दुकानाचे कामगारच मानलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021मध्ये उबरच्या चालकांबाबत हेच केलं, कराराची भाषा बाजूला ठेवून काम कसं चालतं ते पाहिलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची 2006ची 198 क्रमांकाची शिफारसही हेच सांगते.

तेव्हा आता खरं खरं सांगा. कॉम्प्युटर कुणाचा? यायची वेळ कोण ठरवायचं? दुसरीकडे कामं घ्यायचा का? आणि ड्रॉइंग चुकलं तर परत काढायचे पैसे वेगळे लागायचे का?

रंधा
कॉम्प्युटर माझा. दहा ते सहा. किल्लीही त्याच्याकडे असायची, कारण मी उशिरा येतो. दुसरीकडे काम घेताना तरी मी पाहिलं नाही. चुकलं तर परत काढायचा, त्याचे कसले पैसे?

आणि एक सांगायचं राहिलं. कुठे जायचं असलं की आदल्या रात्री मेसेज करायचा, ‘उद्या येत नाही, चालेल का?’ मी कधी ‘चालेल’, कधी ‘उद्या नको, परवा घे’. माणुसकीने वागत होतो हो!

जुना_हातोडा
‘परवा घे’ हे दोन शब्द तुमच्या एका पानाच्या कराराला भारी पडतील. रजा कोण कुणाला देतो? स्वतंत्र कंत्राटदार फार तर कळवतो, विचारत नाही.

आता ड्रॉइंगचं. इथे गंमत आहे, आणि ती तुमच्या वकिलाच्या आधी तुम्हाला कळलेली बरी. नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे मालकाचा. भारताच्या 1957च्या कायद्यातही तसंच आहे. कंत्राटदाराचं काम मात्र, लेखी हस्तांतर नसेल तर, बहुतेक वेळा त्याचंच राहतं. अमेरिकेत 1989मध्ये रीड नावाच्या शिल्पकाराचा खटला याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेला. संस्थेने शिल्प करून घेतलं होतं, लेखी करार नव्हता, आणि न्यायालयाने त्याला स्वतंत्र कंत्राटदार ठरवलं. संस्थेचा ‘आम्ही करून घेतलं म्हणून आमचं’ हा मुद्दा तिथेच पडला.

म्हणजे तुम्ही ‘तो कंत्राटदार’ हे सिद्ध करून जिंकलात तर रजेचे पैसे वाचतील, पण ड्रॉइंग हातची जाऊ शकतात. तो नोकर ठरला तर रजेचं बघावं लागेल, ड्रॉइंग मात्र बहुधा तुमची. दोन्ही डगरींवर हात त्यानेही ठेवलाय आणि तुम्हीही ठेवू पाहताय. बोलणीला जागा आहे ती इथेच. करारात ड्रॉइंगच्या मालकीबद्दल एखादी ओळ आहे का?

रंधा
आत्ता काढून बघितला. नाही. ‘गुप्तता पाळावी’ एवढंच.

पाचर
मग नवं पान टाइप करा, मालकीची ओळ घाला, जुनी तारीख टाका. एक सही काय, जमते.

जुना_हातोडा
पाचर, असले सल्ले चहाच्या टपरीवरही देऊ नका. तो खोटा दस्तऐवज झाला. आज रजेचा वाद आहे, उद्या फौजदारी होईल. रंधा, मेसेजही पुसू नका, त्याच्या फोनमध्ये ते आहेतच. तुम्ही पुसलेत एवढंच वर सिद्ध होईल. तीन वर्षांची बिलं, बँकेच्या नोंदी, मेसेज, करार, सगळं तारखेने लावून घेऊन जा. आणि गुरुवारपर्यंत त्याला स्वतःहून फोन करू नका, रागात तर मुळीच नको.

रंधा
फोन काल रात्रीच करून बसलो. ‘तुला मी शिकवलं’ वगैरे बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘सर, वकिलांशी बोला’ म्हणाला. अजून सर म्हणतो.

मेसेज मोजले. ‘येत नाही, चालेल का’ असे एकेचाळीस निघाले. छापायला टाकलेत.