अनुभव धागा: शाब्दिक उदाहरणं आणि आपली लेकरं

त्रिमूर्तीनगरची आई
काल संध्याकाळी गोकुळपेठेत संत्री घेत होते. विकणाऱ्या मावशी एकेक फळ दाबून बघत होत्या, मऊ लागलं की मागच्या टोपलीत. माझी लेक तिसरीत आहे. ती बाजूला उभी राहून म्हणाली, "आई, तीन डझन घेतली ना, पाच खराब निघाली. मग अजून पाच द्या म्हण, नाही तर एकतीसचेच पैसे." मावशी हसल्या आणि पाच टाकली.

घरी येऊन वही उघडली. उदाहरण असं: एका पेटीत २४ संत्री, अशा ७ पेट्या आणल्या, त्यांतली ३५ खराब निघाली, तर चांगली किती? लेकीनं लिहिलं २४ + ७ + ३५ = ६६. आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली, बरोबर आहे का म्हणून.

मला एकदम माझे आजोबा आठवले. काटोलजवळ आमची बाग होती. मी चौथीत, स्कॉलरशिप तेव्हा चौथीलाच असायची. बैलगाडीतल्या पोत्यांच्या एका उदाहरणावर रडत बसले होते. आजोबा स्वतः चौथी शिकलेले. त्यांनी पुस्तक पालथं ठेवलं नि म्हणाले, "आकडे राहू दे वं. कोण काय करून राहिलं ते सांग." मी म्हटलं, एक माणूस गाडीत पोती भरून राहिला. "मंग?" मग नाक्यावर काही पोती उतरवून राहिला. "मंग गाडी जड झाली का हलकी?" हलकी. वजाबाकी करायची हे मला कोणी सांगितलंच नाही, ती आपोआप आली.

त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली. काल त्यांचा आवाज अगदी कानाशी आला. तुमच्या घरी काय होतं, लिहा.

दोन लेकरांची माय
ताई, डोळ्यांत पाणी आणलं. पोळ्या करता करता वाचलं, एक पोळी करपली.

मानेवाडा रिंगरोड
आमच्याकडे सेमी आहे. गणित इंग्रजीत. पोराला 'मोअर' दिसलं की बेरीज आणि 'लेफ्ट' दिसलं की वजाबाकी. एकदा 'हाऊ मेनी आर लेफ्ट' ला त्यानं विचारलं, डावीकडे किती आहेत हे कसं कळणार, चित्रच नाही दिलेलं. खरं तर त्याचा प्रश्न योग्यच होता. तेव्हापासून मी आधी मराठीत वाचून दाखवते. "तुझ्याकडे १४ गोट्या, दादाकडे ९, तुझ्याकडे त्याच्यापेक्षा किती जास्त?" लगेच पाच म्हणतो. तेच इंग्रजीत वाचलं की तेवीस. डोकं तेच, गोट्या त्याच. ही मुलं मराठीत विचार करतात, वर्गात मात्र कागद दुसऱ्या भाषेतला. मला याचं फार वाईट वाटतं.

बर्डीकर
संत्री मृग बहाराची का आंबिया बहाराची? फेब्रुवारी संपत आला, म्हणजे मृगाचीच असतील.

त्रिमूर्तीनगरची आई
हो दादा, मृगाचीच. मस्त गोड आहेत.

नंदनवनचा बाबा
चौथीतल्या पोराचा किस्सा. सहलीला ५० मुलं, एका ऑटोत ६ बसतात, तर ऑटो किती लागतील? त्यानं भागाकार बरोबर केला. उत्तर लिहिलं: ८, बाकी २. मी विचारलं, ती बाकीची दोन पोरं काय महाराजबागेत पायी जातील का? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाबा, ती बारकी असतील, मांडीवर बसतील. आमच्या ऑटोत रोज बसतात." आणि खोडून नुसतं ८ लिहिलं.

मला त्याला चूक म्हणवेना. भागाकार करून तो थांबला नव्हता, गोष्टीत परत गेला होता, फक्त गोष्ट त्याच्या रोजच्या ऑटोची होती. मी म्हटलं, या ऑटोवाल्या काकांचा नियम कडक आहे, सहाच्या वर एक घेत नाहीत. "मग नऊ, शेवटच्यात दोघंच ऐसपैस." हे 'ऐसपैस' म्हणताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

दोन लेकरांची माय
😂😂 ऐसपैस! माझ्या धाकटीला ऑटोत कधीच जागा मिळत नाही, तिला सांगते हे.

जुने गुरुजी
सदतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, आता नातवंडांचा अभ्यास घेतो. त्रिमूर्तीनगरच्या ताईंच्या आजोबांना माझा नमस्कार. शिकवता शिकवता मी जे फार उशिरा धरलं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

बहुतेक घरी आणि शिकवणीत मुलांना शब्द पाठ करून देतात. एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी. मग हे द्या: आईनं काही लाडू केले, ८ खाल्ले, १२ उरले, तर केले किती होते? 'उरले' वाचून पोरगं १२ मधून ८ काढतं आणि लिहितं ४. बारा डब्यात दिसताहेत आणि केले चारच! हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण डबा त्यानं पाहिलाच नाही, शब्द पाहिला.

मी नातीकडून आकड्यांवर बोट ठेवून उदाहरण वाचून घेतो. "आईनं काही लाडू केले, काही खाल्ले, काही उरले." मग विचारतो, सगळ्यांत मोठा ढीग कोणता? केलेल्यांचा. मग बोट उचलायचं. नुसत्या एवढ्यानं अर्धं काम होतं.

ताईंची लेक बाजारात बरोबर आणि वहीत चूक, यावर एक ऐकण्यासारखं आहे. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास झाला होता, १९८५ साली प्रसिद्ध झाला. अभ्यासक गिऱ्हाईक बनून गेले. एका बारा वर्षांच्या मुलाला विचारलं, ३५ चा एक नारळ, दहाचे किती? तो म्हणाला, तिनाचे १०५, अजून तिनाचे मिळून २१०, मग ३१५, म्हणजे ३५०. शाळेतली शून्य लावायची युक्ती त्याला सुचली नाही, पण उत्तर चोख. गाडीवर या मुलांची शंभरातली ९८ उत्तरं बरोबर. तशीच गणितं कागदावर गोष्टीच्या रूपात दिली तर ७४ च्या आसपास, आणि नुसते आकडे मांडून दिले तर ३७. म्हणजे गोष्ट मुलांना आधार देते. आपण मात्र शाब्दिक उदाहरण म्हटलं की आधीच धास्ती घालतो.

मानेवाडा रिंगरोड
गुरुजी, बोट ठेवायचं आजच करते. फार आभार.

प्रतापनगर ४४००२२
मी हे लिहावं की नाही कळत नाही. बायको नाईटला असते, अभ्यास मीच घेतो. परवा सात वेळा एकच उदाहरण सांगितलं आणि आठव्यांदा जोरात ओरडलो. पोरगी आठ वर्षांची. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "बाबा, बेरीज सांगू का वजाबाकी? तुम्ही सांगाल ते करते." तेव्हापासून ते वाक्य जात नाही मनातून. तिला गणित नको होतं, मला शांत करायचं होतं.

नंदनवनचा बाबा
भाऊ, आपण सगळेच ओरडलो आहोत. झोपायच्या आधी जवळ घेऊन सांगा तिला, बाबाचं चुकलं. मी सांगितलं होतं. पोरं मोकळी होतात.

दोन लेकरांची माय
दादा, रात्री नऊनंतर वही उघडूच नका. माझा अनुभव आहे, सकाळी दूध पिता पिता तेच उदाहरण पाच मिनिटांत येतं.

प्रतापनगर ४४००२२
सांगतो आज. धन्यवाद तुम्हा दोघांना.

महालातली काकू
आमच्या नातवाचं तान्ह्या पोळ्याचं ऐका. लाकडी बैल घेऊन गल्लीभर फिरला. आल्यावर पैसे न मोजताच म्हणाला, "आजी, २३ घरी दहा दहा, ४ घरी वीस वीस, तीनशे दहा झाले." मी पिशवी ओतून मोजले, तीनशे दहाच. आणि घटक चाचणीत २३ गुणिले १० चं उदाहरण कोरं सोडून आला! विचारलं तर म्हणे, त्यात कोणीतरी पेन्सिली विकत होतं, मला काय करायचं त्याच्या पेन्सिलींचं.

पुण्यातून_वाचक
तान्ह्या पोळ्याला पैसे कसले देतात?

महालातली काकू
बोजारा म्हणतात बाबा त्याला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचे बैल सजवून दारोदारी नेतात. बैलाला ओवाळायचं आणि लेकराच्या हातात काहीतरी ठेवायचं.

पुण्यातून_वाचक
किती छान! आमच्याकडे नाही हे.

सक्करदरा
आमची अडचण त्याही आधीची आहे. उदाहरण तोंडी सांगितलं तर लेक सत्तावीस ऐकून ७२ लिहायची, कारण 'सत्ता' आधी कानावर पडतं. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता आठवतं का? डॉ. मंगला नारळीकर गणित समितीच्या प्रमुख होत्या, त्यांनी हेच कारण सांगितलं होतं. जुनी नावंही पुस्तकात होतीच. माझ्या लेकीला त्या वीस सातनं खरंच हात दिला. वर्षभरात सत्तावीस आपोआप आलं, आता अडखळत नाही.

बर्डीकर
मला तेव्हा पटलं नव्हतं. पण तुमचं वाचून विचार करतोय. जोडाक्षरं अवघड जातात हेही तेव्हा ऐकलं होतं.

मानेवाडा रिंगरोड
गुरुजी, बोट ठेवून केलं! पाचपैकी चार बरोबर. पाचव्यात रुपये-पैसे होते, त्यावर तो म्हणाला, "आई, पैसे तर चालतच नाहीत, हे काका कोणत्या काळातले?" 😀

जुने गुरुजी
शाब्बास त्याला. आता त्याला स्वतःला एक उदाहरण तयार करायला सांगा, तुम्ही सोडवा. मुद्दाम चुकू नका, मुलांना लगेच कळतं.

त्रिमूर्तीनगरची आई
सगळ्यांचं वाचलं, ऑफिसातून येताना मेट्रोत. सीताबर्डीला गाडी बदलायची विसरणार होते.

आज जेवणं झाल्यावर तीच वही काढली. २४ वर एक बोट, ७ वर एक, ३५ वर माझं. विचारलं, कोण काय करून राहिलं? ती म्हणाली, "एक काका पेट्या उघडून राहिले. आणि कालच्या मावशीसारखी दाबून दाबून सडकी बाहेर काढून राहिले." मग? "मग चांगली कमी झाली." तिनं माझं बोट स्वतःच उचललं. वीस सत्ते एकशेचाळीस, चार सत्ते अठ्ठावीस, एकशेअडुसष्ट. त्यातून ३५ गेली, १३३. कालच्या ६६ वर तिनं एक बारीक आडवी रेघ मारली, खोडरबर घेतला नाही.

वही मिटता मिटता म्हणाली, "पण आई, ती ३५ त्यांनी गाईला दिली का फेकली?"

महालातली काकू
गाईलाच दिली म्हणावं.