बारा वर्षं सिंगल्स करणाऱ्या रॅपरने आता कन्सेप्ट अल्बम करावा का?

तापीकाठ (अमळनेर)
मंडळी एक सल्ला पाहिजे होता. आमच्या ग्रुपमधला दादा बारा वर्षांपासून रॅप करतोय, निम्मं अहिराणी निम्मं मराठी, बीट आणि मिक्सिंग मी बघतो. वय आता 38. त्याची दोन जुनी गाणी अजूनही हळदीत डीजेवर वाजतात. पण मागच्या चार सिंगल्समधे, म्हणजे सुट्या गाण्यांमधे, तेच तेच, मी कोण, माझी वट किती, जळणाऱ्यांनी बाजूला व्हा. आवाज पहिल्यापेक्षा भारी झालाय, एका श्वासात आठ ओळी काढतो, पण सांगायला काही उरलं नाही असं वाटतं. आणि हाच माणूस रात्री कट्ट्यावर बसला की सुरतला लूमवर (यंत्रमागावर) काढलेल्या सहा वर्षांबद्दल तासतास बोलतो, त्यातलं एक अक्षर गाण्यात येत नाही! मी म्हटलं ही एकच गोष्ट घे आणि आठ-दहा गाण्यांत सांगणारा कन्सेप्ट अल्बम कर. तो म्हणे या वयात प्रयोग नको, पोरं ऐकणार नाहीत. माझं चुकतंय का?

जुनी कॅसेट (जळगाव)
अजिबात नाही भो. त्याला मास्टा एस ऐकव. न्यूयॉर्कचा रॅपर, 80 च्या दशकातल्या जूस क्रू या रॅप ग्रुपमधला माणूस, पहिला अल्बम 1990 चा. 1995 नंतर बरीच वर्षं अल्बम नाही, आणि 2001 मधे आणला ‘डिस्पोजेबल आर्ट्स’. जेलमधून सुटलेला एक जण रॅप शिकवणाऱ्या संस्थेत दाखल होतो, अशी गोष्ट. तेव्हा एस 34 चा होता. 2004 मधे त्याच गोष्टीच्या आधी काय झालं त्याचा दुसरा अल्बम केला. आज त्याचं नाव निघालं की लोक हे दोनच पहिले सांगतात, तरुणपणातले नंतर.
माझं मत असं की विशीत माणूस स्वतःबद्दल बोलतो तेव्हा ते खरं वाटतं कारण त्याच्याकडे तेवढंच असतं. चाळिशीजवळ आल्यावर त्याने किती माणसं पाहिलेली असतात, मेलेली, कर्जात गेलेली, गाव सोडून गेलेली, ती सगळी तीन मिनिटांच्या वट दाखवण्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी जागा लागते, अल्बम म्हणजे ती जागा.

बॅटरी लो (भुसावळ)
ऐकायला छान आहे पण पूर्ण अल्बम कोण ऐकतं आता. लोक यूट्यूबवर एक गाणं ऐकतात, तेही अर्धं. गोष्ट चौथ्या गाण्यात कळणार असेल तर तिथपर्यंत कोणी येत नाही. मी स्वतः नाही येत.

जुनी कॅसेट (जळगाव)
मुद्दा बरोबर आहे, पण उपाय आहे. अमेरिकन रॅपर केंड्रिक लामारचा 2012 चा अल्बम बघ, कॉम्प्टनमधल्या पोराची गोष्ट, मधेमधे आईचे व्हॉइसमेल, माझी गाडी घेऊन गेलास ती आण म्हणून. त्यातलं ‘स्विमिंग पूल्स’ लोकांनी पार्टीत वाजवलं, आणि अल्बममधे ऐकलं की कळतं ते दारूने घरं कशी जातात त्याबद्दल आहे. प्रत्येक गाणं एकटं उभं राहिलं पाहिजे, एवढी अट पाळायची बस.

शहादेकर
मला तर आयडिया आत्ताच दिसतेय. सुरतहून भुसावळकडे येणारी पॅसेंजर घ्या. उधना, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, एकेक स्टेशन म्हणजे एकेक गाणं. लूमवरचा माणूस कानबाईच्या रोटासाठी, आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणासाठी, घरी निघालाय, श्रावणातला रविवार, आणि डब्यात जे भेटतात ते बोलतात. नवापूरचं स्टेशन तर अर्धं गुजरातमधे अर्धं महाराष्ट्रात, बाकडंसुद्धा दोन राज्यांत, अनाउन्समेंट मराठी गुजराती दोन्हीत. तिथून पुढे गाणं अहिराणीत सुरू करायचं! माझे काका दरवर्षी याच गाडीने यायचे, नवापूर आलं की उठून दारात उभे राहायचे, घर अजून किती लांब तरी.

कपाशीवाला (धुळे)
भाऊ तुना दादाले सांग, आपलाकडे हाई काई नवं नही शे. वही, म्हंजे आपला जुना गाना, गावाले बसेत ना, डफ वाजाडीसन, त्याबी कथाच सांगेत. लोके बसी राहेत आयकाले. मी धाकला व्हतू तव्हय बापना मांडीवर बशीसन आयकेल शे, झोप ये पन उठू नही वाटे, फुडे काय व्हयनं ते कळाले पाहिजे ना.

तापीकाठ (अमळनेर)
शहादेकर, तुमची पोस्ट दादाला वाचून दाखवली. काहीच बोलला नाही, मग उठून बाहेर गेला, आणि रात्री दीड वाजता चार ओळींचा व्हॉइस मेसेज आला, उधन्याच्या प्लॅटफॉर्मवर एक जण रोटासाठी आईला काय न्यायचं ते मोजत उभाय, पगारातून खोलीचं भाडं वजा करून. अहिराणीत आहे, सगळा मी, पण कुठेच मी मोठा असं नाही.
रविवारी नवापूरला जाऊन अनाउन्समेंट आणि फलाटाचा आवाज रेकॉर्ड करायचा विचार आहे. नंदुरबारकडच्या कोणाकडे चांगला रेकॉर्डर असेल तर सांगा, माझ्या मोबाइलमधे वाऱ्याचा फार आवाज येतो.